साडेचार हजार डॉलर आणि दोन क्वार्ट सिलिकेट

गाडी घेतल्या घेतल्या तिचं परीक्षण लिहिणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नव्या गाडीला एक वास असतो आणि तो उडेपर्यंत माणूस खरं बोलत नाही. म्हणून २००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सरकारनं मला जी सेवा दिली, तिचं परीक्षण मी आत्ता लिहायला घेतलंय. त्या सेवेतून आलेली गाडी अजून दारात उभी आहे. दोन लाख मैल झालेत, दाराखालचा पत्रा मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ खाऊन चाळणी झालाय, आणि तिच्या नाकावर ज्या ब्रँडचा बाण आहे तो ब्रँड कधीच मेलाय. पुढच्या शनिवारी ती दुसऱ्याच्या घरी जाणार आहे. त्याआधी काय ते लिहून मोकळं व्हावं.

योजनेचं अधिकृत नाव 'कार अलाउन्स रिबेट सिस्टिम'. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'कार्स' होतं. ज्या कारकुनाला हे सुचलं त्याला बढती मिळाली असणार. लोक मात्र तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हणायचे. क्लंकर म्हणजे आपलं डबडं. डबडं जमा करा, नव्या गाडीच्या किमतीतून साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर कमी करून घ्या. डीलर ते पैसे नंतर सरकारकडून वसूल करील. २४ जूनला ओबामांची सही झाली, २४ जुलैला डीलरांची खिडकी उघडली आणि २४ ऑगस्टच्या रात्री बंद झाली. दुकान महिनाभरच चाललं, पण गर्दी अशी की अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्राची आठवण यावी.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत उमेदीची चार वर्षं काढली, मग पुण्यात, आणि १९९८ पासून इथं डेट्रॉईटच्या उत्तरेला. पत्रा दाबून सीटखालचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. आमची गिऱ्हाइकं दोन: मोठं गिऱ्हाईक जनरल मोटर्स, त्याहून लहान क्रायस्लर. २००९ साली ही दोन गिऱ्हाइकं असणं म्हणजे काय, ते पुढं येईलच.

आमचं डबडं म्हणजे १९९७ ची फोर्ड एक्सप्लोरर. चार लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, चारही चाकांना ताकद. २००१ मध्ये सेकंडहँड घेतली होती. मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडलं ते त्या गाडीतून, आणि आई-बाबा आले तेव्हा नायगारा दाखवला तोही तिच्यातूनच. बाबा मागं बसून दर शंभर मैलांनी विचारायचे, "पेट्रोल किती खाल्लंस रे?" मी वहीत लिहून ठेवायचो, क्वालिटीवाल्याची खोड. वही सांगते, गॅलनला १४ मैल. म्हणजे लिटरला सहा किलोमीटरही नीट नाहीत. बाबांना आकडा कधी खरा सांगितला नाही.

नियम तसे सोपे होते आणि, हे कबूल केलं पाहिजे, बऱ्यापैकी अक्कल लावून केलेले होते. जुनी गाडी पंचवीस वर्षांच्या आतली हवी, चालू स्थितीत हवी, वर्षभर तुमच्याच नावावर आणि विमा उतरवलेली हवी, आणि सरकारी पुस्तकातलं तिचं मायलेज गॅलनला १८ किंवा त्याहून कमी हवं. नवी मोटार निदान २२ ची हवी आणि ४५,००० डॉलरच्या वरची नको. दोन्हींतला फरक ४ ते ९ असला तर साडेतीन हजार, १० किंवा जास्त असला तर साडेचार. पिकअप नि एसयूव्ही घेणाऱ्यांना मात्र याहून सैल माप लावलं होतं, आणि तिथं माझी पहिली कुरबुर आहे. त्याच वर्षी जर्मनीतही अशीच योजना चालू होती. तिथं गाडी नऊ वर्षांची झालेली असली की अडीच हजार युरो मिळत. मायलेज कुणी विचारत नव्हतं. त्या मानानं आमच्या नियमाला थोडी तरी पोटातली कळ माहीत होती.

पण १८ ची रेघ म्हणजे रेघ. आमच्या पलीकडच्या घरात एक पोलिश वंशाचे आजोबा राहायचे, आयुष्य टूलरूममध्ये घालवलेले. त्यांच्या मिनीव्हॅनचं मायलेज जुलैच्या सुरुवातीला वेबसाइटवर १८ दिसत होतं. खिडकी उघडायच्या ऐन तोंडावर पर्यावरण खात्यानं जुने आकडे पुन्हा तपासले आणि शंभरेक मॉडेलांचे बदलले. काही गाड्या आत आल्या, काही बाहेर गेल्या. आजोबांची व्हॅन १९ झाली. रात्रीत गाडी एक मैल सुधारली होती आणि आजोबांचं नुकसान झालं होतं. "इंचाच्या हजाराव्या भागाच्या टॉलरन्सवर आयुष्य काढलं, शेवटी एका आकड्यानं मला रिजेक्ट केलं," म्हणाले. आजोबा पुढं पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष सेवा. योजनेला दिलेले एक अब्ज डॉलर नोव्हेंबरपर्यंत पुरतील असा सरकारचा अंदाज होता. ते आठवड्यात संपत आले. गुरुवारी, ३० जुलैला संध्याकाळी बातमी आली की योजना थांबवतायत. शुक्रवारी खालच्या सभागृहानं घाईघाईनं आणखी दोन अब्ज मंजूर केले, पण सिनेटचं व्हायचं होतं. म्हणजे शनिवारी १ ऑगस्टला सकाळी नऊ वाजता आम्ही डीलरच्या दारात उभे होतो तेव्हा पैसे आहेत की नाहीत हे डीलरलाही ठाऊक नव्हतं. सेल्समन घामाघूम. आत एक बाई अर्ज चढवायला बसली होती आणि सरकारी वेबसाइट तिला दर दहा मिनिटांनी बाहेर फेकत होती. तिच्या टेबलावर थंड झालेल्या कॉफीचे चार कप होते, त्यावरून ती कधीपासून बसली असेल याचा अंदाज आला.

सेल्समननं एक कागद पुढं केला. सरकारनं दावा नाकारला तर साडेचार हजार मी भरीन, असा मजकूर. योजनेच्या जाहिरातीत हे कुठंच नव्हतं. मी वाचत बसलो, बायको म्हणाली, "अहो, मागं रांग लागलीय." रांग खरंच दारापर्यंत होती. सही केली. आयुष्यात न पटलेल्या कागदावर केलेली ही माझी दुसरी सही. पहिली घराच्या कर्जाची.

मग विम्याचा घोळ. वर्षभराचा पुरावा पाहिजे, पण इथं विमा सहा-सहा महिन्यांचा निघतो. माझ्या पाकिटात चालू सहामाहीचं कार्ड, त्याआधीचं गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये. गाडी तर मागच्या आवारात नेऊन ठेवलेली, काचेवर पिवळ्या खडूनं मोठा सी काढलेला. किल्ली कुठल्यातरी खोक्यात. अर्धा तास शोधाशोध करून तो बापडा सेल्समन मला घेऊन गेला. ग्लव्ह बॉक्स उघडला तर टायरगेज, मुलीची एक केसांची क्लिप, नायगाराच्या पार्किंगची पावती आणि खाली ते कार्ड. चार इंची कागदावर साडेचार हजार डॉलर अडकले होते.

भंगाराची किंमत म्हणून काही मिळायला हवं होतं. डीलरनं अंदाज सांगायचा आणि स्वतःच्या खर्चापोटी पन्नास डॉलर ठेवून घ्यायचे, असा नियमच होता. आमच्या डीलरनं अंदाज सांगितला बरोबर पन्नास. भंगारवाला कोल्हापूरचा असो की डेट्रॉईटचा, तराजू त्याच्याच हातात असतो.

नवी गाडी कोणती, हा खरा पेच. मला, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना, आणि पुढं कळलं की सगळ्या देशाला, कोरोला हवी होती. योजनेत सगळ्यात जास्त खपलेली गाडी टोयोटा कोरोला आणि सगळ्यात जास्त जमा झालेली फोर्ड एक्सप्लोरर. म्हणजे आम्ही अगदी नमुनेदार गिऱ्हाईक. पण मी पगार खातो डेट्रॉईटचा. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मीटिंगला गेलं की पाहुण्याची गाडी कुठल्या कंपनीची आहे ते फाटकावरच बघतात. दुसऱ्याची असली तर लांबच्या लॉटमध्ये लावायला सांगतात, आणि जानेवारीत तिथून चालत येताना कान गळून पडतात. एकदा कोरोला दारात आली असती तर मला कुणी काही बोललं नसतं, आणि हेच जास्त अवघड झालं असतं.

तेव्हा मी तडजोड काढली, आणि अजूनही मला तिचा अभिमान आहे. पॉन्टियाक व्हाइब. नाव जनरल मोटर्सचं, आतलं सगळं टोयोटाचं. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला या दोन कंपन्यांचा १९८४ पासून भागीदारीतला कारखाना होता, त्याला 'नुमी' म्हणायचे. त्याच कारखान्यात कोरोलाही बनायची. बिल्ला बाणाचा, काळीज कोरोलाचं. शिवाय जनरल मोटर्सनं एप्रिलमध्येच पॉन्टियाक बंद करत असल्याचं जाहीर केलेलं, त्यामुळे डीलर ती गाडी दारातून घालवायला टपलेला. कंपनीची सूट, त्यावर सरकारचे साडेचार हजार. सोळा-सतरा हजारांची नवी गाडी आम्हाला दहा हजार आणि काही चिल्लर अशी पडली. मायलेज पुस्तकात २७ च्या आसपास, माझ्या वहीत २९. बाबांना फोन करून खरा आकडा सांगितला.

गिऱ्हाईक म्हणून सेवेला पाचापैकी चार. एक कापला तो त्या न सांगितलेल्या कागदासाठी. दावा मंजूर होऊन डीलरला पैसे मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला, तोवर मी रोज टपालपेटी भीत भीत उघडत होतो.

आता जुन्या गाडीचं काय झालं ते. योजनेची अट होती की जमा झालेल्या गाडीचं इंजिन कायमचं मारायचं, म्हणजे कुणी परस्पर विकू नये. मी सेल्समनला सांगून ठेवलं होतं की माझ्या गाडीची पाळी येईल तेव्हा मला कळव. तो बहुतेक मला वेडा समजला, पण त्यानं कळवलं. सप्टेंबरातली एक दुपार. मेकॅनिक पोरगेला, तोंडावर पारदर्शक ढाल, हातात जाड मोजे. त्यानं तेल काढलं. मग एका प्लॅस्टिकच्या कॅनमधून दोन क्वार्ट, म्हणजे दोन लिटरच्या जरा आत, एक पाण्यासारखं पण संथ वाहणारं द्रव तेलाच्या तोंडातून ओतलं. मी कॅनवरचं नाव वाचलं. सोडियम सिलिकेट.

ते नाव वाचून मी क्षणभर शिरोलीत गेलो. फाउंड्रीत आम्ही त्याला नुसतं सिलिकेट म्हणायचो. वाळूत सिलिकेट कालवायचं, कोअरबॉक्समध्ये ठासायचं, वरून कार्बन डायऑक्साइडचा पाइप लावायचा आणि मोजून काही सेकंदांत ती भुसभुशीत वाळू दगडासारखी होते. तो झाला कोअर. साच्यात कोअर बसवून वरून वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की ओतीव थंड झाल्यावर वाळू झाडून काढायची. जिथं कोअर होता तिथं पोकळी उरते. इंजिनच्या ब्लॉकमधली पाण्याची वाट, सिलिंडरची जागा, सगळ्या पोकळ्या अशाच कोअरनं घडतात. आम्ही शेतीपंपाच्या ऑइल इंजिनचे ब्लॉक ओतायचो. चार वर्षं माझ्या पँटवर त्याचे डाग असायचे. वाळले की काचेसारखे तडकायचे. आई म्हणायची, धुतलं तर निघत नाही, मारलं तर तुटतं.

ज्या पदार्थानं मी इंजिनं घडवायला शिकलो त्याच पदार्थानं हा पोरगा ते बंद पाडत होता. त्यानं गाडी चालू केली आणि मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरून ठेवली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. एक्सप्लोरर नेहमीसारखी घुरघुरत राहिली, जणू नायगाराला निघालीय. मग टिकटिक सुरू झाली. पाणी उडून जातं आणि मागं उरलेली काच बेअरिंगांत बसते, हे मला कळत होतं. तरी आवाज ऐकवेना. टिकटिकीची खरखर झाली, खरखरीचं कण्हणं झालं आणि इंजिन आवळत आवळत गप्प झालं. सगळं मिळून दोन मिनिटं असतील. पोरग्यानं थोडं थांबून पुन्हा किल्ली फिरवली, तसा नियमच होता. स्टार्टर खटकन वाजला, पुढं काही नाही. त्यानं ढाल वर केली आणि मला म्हणाला, "फोर्डचं इंजिन दमदार होतं तुमचं. काल एक पाऊण मिनिटात गेलं."

सहा महिन्यांच्या आत सांगाडा चेचून टाकायचा, अशी पुढची अट होती. दारं, सीटा, टायर काढून विकता यायचे, इंजिन नाही. मला वाईट वाटलं ते आठवणींचं नव्हे. गाडी चालत होती. एक लाख साठ हजार मैल झालेल्या त्या इंजिनात अजून पाच वर्षं होती, आणि ती पाच वर्षं कुणाच्यातरी कामी आली असती. नवीन आलेला विद्यार्थी, पहिली नोकरी लागलेली बाई, पंधराशे डॉलर जमवून गाडी शोधणारा माणूस. मीही आलो तेव्हा अशीच पंधराशेची गाडी घेतली होती. योजनेत सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या. म्हणजे तेवढ्या पंधराशेच्या गाड्या बाजारातून उठल्या. ज्यांना नवी गाडी परवडतच नव्हती त्यांना या सेवेनं काही दिलं तर नाहीच, उलट त्यांच्या ताटातलं काढून घेतलं. सेकंडहँड गाडीला गिऱ्हाईक तेच, गाड्या कमी.

एवढं करून डेट्रॉईटला काय मिळालं, हे मला लोक विचारतात, विशेषतः भारतातून. त्यांना वाटतं की जुन्या गाड्यांची योजना आणि कंपन्या वाचवण्याची मदत, म्हणजे बेलआउट, ही एकच गोष्ट. नाही. मी दोन्ही सेवा घेतल्यात. एकीनं मला गाडी दिली, दुसरीनं नोकरी ठेवली, आणि दोन्हींचा कारभार अगदी वेगळा होता.

२००८ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते आपापल्या खासगी विमानांनी. डिसेंबरात शहाणपण सुचलं आणि हायब्रीड गाड्या चालवत गेले. त्यावर इतकं बोललं गेलंय की मी थांबतो. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. फोर्डला ही मदत नको होती. त्यांनी २००६ मध्येच निळ्या बिल्ल्यासकट सगळं गहाण टाकून कर्ज उभं केलं होतं. तरी त्यांचे प्रमुख ॲलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून सांगत होते. का? कारण तिन्ही कंपन्यांना माल देणारे सप्लायर बरेचसे तेच. जनरल मोटर्स बुडाली तर ब्रॅकेटवाला बुडतो, आणि ब्रॅकेटवाला बुडाला की फोर्डची लाइनही सीटवाचून थांबते. एका डायवर, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यावर, तीन कंपन्यांचं पोट, हे मुलालींना कळत होतं.

बुश जाता जाता १७.४ अब्ज डॉलर देऊन गेले, त्यातले १३.४ जनरल मोटर्सला. ते पुरले नाहीत. ३० एप्रिलला क्रायस्लरनं दिवाळखोरीचा अर्ज केला, १ जूनला जनरल मोटर्सनं. त्या सोमवारी सकाळी आमचे मालक प्रेस शॉपमध्ये स्टुलावर उभे राहिले. सगळी प्रेस बंद होती. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. वर कबुतर फडफडलं तेही ऐकू आलं. मालक म्हणाले, पाठवलेल्या मालाचे पैसे अडकलेत, दोन आठवडे बिनपगारी घरी बसा, पुढचं मी कळवतो. सप्लायरांच्या थकलेल्या बिलांना सरकारनं पाच अब्जांपर्यंतची हमी देऊ केली होती, पण फी कापून, आणि ती मिळणार कुणाला ते ठरवणार कारखाने. आमच्या मालकांनी ती घेतली की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. ते दोन आठवडे वाढतच गेले. मिशिगनमध्ये तेव्हा कामाला माणसं सातातली सहाच होती. आमच्या गल्लीतच तीन घरांवर बँकेची पाटी.

१० जुलैला नवी जनरल मोटर्स कोर्टातून बाहेर आली. चाळीस दिवसांत. साठ टक्क्यांहून जास्त मालकी सरकारची. लोक तिला 'गव्हर्नमेंट मोटर्स' म्हणायला लागले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमचा पहिला प्रेस पुन्हा ठोकायला लागला. मी त्या आवाजाला गाणं म्हणणार नाही, कान बधिर करणारा आवाज आहे तो. पण त्या दिवशी कानात बोळे घालायला मी जरा उशीर केला.

या सेवेची किंमत? जनरल मोटर्समध्ये करदात्यांचे सुमारे ५० अब्ज गेले. २०१३ च्या डिसेंबरात सरकारनं शेवटचे शेअर विकले तेव्हा हिशेबात दहा अब्जांहून थोडे जास्त बुडाले होते. त्यात माझाही कर आहे. पुष्कळ लोक याला डाका म्हणतात. पॉन्टियाक, सॅटर्न मेले, हजारो डीलरांना दुकान बंद करायचं पत्र आलं, जुने शेअर घेतलेल्यांचे कागद झाले. आमच्याच मालकांचे सासरे त्यात धुतले गेले. तरी मी याला चांगली सेवा म्हणतो, कारण मी त्या शेडमधली शांतता ऐकलीय.

डबड्यांच्या योजनेबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. आतिफ मियान आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: दोन महिन्यांत साडेतीन लाखांहून जास्त जादा गाड्या खपल्या खऱ्या, पण पुढच्या वर्षाच्या आत तेवढीच विक्री घटली. ज्यांना मार्चमध्ये घ्यायचीच होती त्यांनी ऑगस्टमध्ये घेतली. आमची एक्सप्लोरर तरी कुठं आणखी दोन हिवाळे काढणार होती? आम्हीही त्यातलेच.

आणि आता आजोबा. टेक्सासमधल्या काही संशोधकांनी पुढं असं केलं की ज्यांच्या गाडीचं मायलेज १८ आणि ज्यांचं १९, असे रेघेच्या दोन बाजूंचे लोक शेजारीशेजारी ठेवून बघितले. रेघेच्या आतल्यांनी गाडी आधी घेतली, पण लहान आणि स्वस्त घेतली, कारण मायलेजची अट. बाहेरच्यांनी थांबून घेतली, पण मोठी आणि महाग. एकूण हिशेबात कंपन्यांच्या गल्ल्यात योजनेमुळे भर न पडता घटच झाली. हे वाचलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहिलं. एप्रिल २०१० मध्ये आजोबांनी व्हॅन काढून नवा कोरा पिकअप घेतला होता, डेट्रॉईटचा, क्रोमची पट्टी लावलेला. सरकारनं ज्याला नाकारलं त्यानं डेट्रॉईटला माझ्या तिप्पट पैसे दिले होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी एकट्यानं बेलआउट केलं?"

व्हाइबबद्दल थोडं. आम्ही घेतली त्याच महिन्यात फ्रीमॉन्टला व्हाइब बनायची थांबली. पुढच्या एप्रिलमध्ये कारखानाच बंद झाला आणि मग तो टेस्लानं घेतला. म्हणजे माझी गाडी ज्या छपराखाली जोडली गेली तिथं आता विजेच्या गाड्या बनतात, आणि टेस्लालाही त्या काळात सरकारचंच ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं होतं. तेवढं त्यांनी २०१३ मध्ये फेडलं. २०१० च्या सुरुवातीला टोयोटाच्या अडकणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलची बोंब झाली, लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या यादीत आमची व्हाइबही. पत्र आलं जनरल मोटर्सकडून, दोष टोयोटाच्या पेडलचा, आणि गाडी मेलेल्या पॉन्टियाकची. डीलरकडे पेडल बदलून मिळालं, फुकट, पाऊण तासात. बाकी ब्रेक, बॅटरी, दोनदा सायलेन्सर, एकदा अल्टरनेटर. इंजिनला हात लावावा लागला नाही.

मध्यंतरी कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला होता. "मामा, इथं पण आता गाडी स्क्रॅपला दिली की नव्या गाडीवर सवलत आहे. देऊ का?" त्याला म्हटलं, आधी नीट बघ. भारतातल्या २०२१ च्या धोरणात सरकार तुझ्या हातावर रोख ठेवत नाही. नोंदणी असलेल्या स्क्रॅपिंग केंद्रानं गाडी घेतली की जमा-प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात जास्तीत जास्त पंचवीस टक्के सूट, तीही राज्य ठरवील तेवढी. भंगाराचे पैसे केंद्राकडून वेगळे. तेव्हा प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय गाडी सोडू नको. आणि गाडी चांगली चालत असेल तर आधी कुणाला विकता येते का बघ. तो म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतः काय केलं होतं?" मी म्हटलं, मी साडेचार हजार घेतले होते.

व्हाइब घेऊन जाणारा मुलगा पुण्याचा आहे, इथं मास्टर्स करतोय. किंमत पंधराशे. मुद्दाम नाही, तेवढीच होती. परवा तो बघायला आला, खाली वाकून गंज बघितला, फोनच्या उजेडात तेलाची काडी काढून बघितली. पोरगा बरा वाटला. मी गाडी रिकामी करायला बसलो. ग्लव्ह बॉक्समध्ये पेडलचं ते पत्र, एक मेलेलं पेन, विम्याची जुनी कार्डं रबरबँड लावून. मी त्याला म्हटलं, सहा महिन्यांची दोन कार्डं नेहमी गाडीत ठेवायची, कधी कुणी वर्षभराचा पुरावा मागेल सांगता येत नाही. तो हसला.

"काका, आता सगळं फोनवर असतं."

रबरबँड जुना होता, कार्डं काढताना तुटला.